इलेक्ट्रिक सायकलला रात्रीचा दिवा निवडताना

आमची दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातून, सांगली रस्त्याला लागायचं, हेर्ल्याच्या पुढं आत वळायचं आणि दोन्ही बाजूंच्या उसातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यानं घर गाठायचं. एकूण नऊ-साडेनऊ किलोमीटर. पूर्वी मोटारसायकल होती, गेली तीन वर्षं इलेक्ट्रिक सायकल आहे. ३६ व्होल्टची बॅटरी, २५० वॅटची मोटर, ताशी २५ झाले की मोटर हात काढून घेते. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको. फक्त सायकलबरोबर जो दिवा आला होता, त्यापेक्षा देव्हाऱ्यातली समई बरी.

तेव्हापासून पुढचे चार आणि मागचे पाच दिवे वापरून झाले. त्यातला एक माझ्याच चुकीनं जळाला, एक पावसानं गेला, एक चोरीला गेला आणि एकामुळं भररस्त्यात शिव्या खाल्ल्या. तुम्ही नव्यानं घेणार असाल तर एवढ्या फेऱ्यांतून जायची गरज नाही.

दुकानात जाण्याआधी आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. जायचा रस्ता सगळा खांबांच्या उजेडातला असेल, तर पुढचा दिवा तुम्हाला दिसावं म्हणून नसतोच, तुम्ही दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो. अशा रस्त्याला खरे १०० ते २०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) पुष्कळ झाले. राहिलेले पैसे मागच्या दिव्यावर घाला. पण वाटेत एक किलोमीटर जरी मिट्ट काळोख असेल, तरी दिवा त्या एका किलोमीटरसाठी घ्यावा लागतो. माझा सगळा खर्च शेवटच्या साडेतीन किलोमीटरसाठी झालाय.

किती लांबचं दिसायला हवं

ताशी २५ म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. खड्डा दिसला, डोक्यात उजेड पडला आणि बोटं ब्रेकवर आवळली, एवढ्यात दीड सेकंद जातो. दिवसभर भट्टीजवळ उभा राहिलेल्या माणसाचा तर नक्कीच जातो. म्हणजे १०-११ मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी ७ मीटर, ओल्या रस्त्यावर १२ धरा. बेरीज २२-२३ मीटर. म्हणून मी २५ मीटर हे माप धरतो. अंगणातून पावलं टाकून एकदा मोजून बघा, ३२-३३ पावलं भरतात. तेवढ्यावर पडलेली वीट तुमच्या दिव्यात ओळखू यायला हवी. वीट म्हणजे वीटच. नुसतं ‘काहीतरी आहे’ असं वाटणं उपयोगाचं नाही.

वेगवान गाडी असेल तर हिशेब बदलतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. त्यामुळं ताशी ४५-५० नं पळणाऱ्या स्कूटरला सायकलचा दिवा लावून भागवू नका. नंबर प्लेटवाल्या गाडीला कंपनीचा हेडलाईट असतो, तो नीट ठेवा. वर झगझगीत पट्ट्या चढवू नका.

लुमेनचा आकडा आणि बॅटरीची साक्ष

माझा पहिला विकतचा दिवा खोक्यावर लिहिल्याप्रमाणं २००० लुमेनचा होता आणि सहा तास चालणार होता. आत २४०० एमएएचची एक बॅटरी. मी फौंड्रीत तपासणीला आहे. कागदावरचं माप आणि कास्टिंगवरचं, म्हणजे ओतलेल्या भागावरचं, माप जुळतंय का, हे बघण्यातच माझा दिवस जातो. तरी हा हिशेब मी दिवा घरी आणल्यावर केला, आधी नाही.

२४०० एमएएच म्हणजे २.४ अँपिअर-तास. त्याला अशा बॅटरीच्या ३.७ व्होल्टनं गुणलं की साधारण ९ वॅट-तास. ते सहा तास पुरवायचे म्हटले तर दिवा दीड वॅटवरच चालवायला हवा. चांगल्या एलईडी दिव्यातून एका वॅटला ढोबळमानानं १०० लुमेन मिळतात. म्हणजे सहा तास चालला तर १५० लुमेन. आणि खरंच २००० लुमेन द्यायचे तर लागणार २० वॅट, बॅटरी अर्ध्या तासाच्या आतच संपणार. दोन्ही आकडे एकाच खोक्यात खरे असू शकत नाहीत. माझा दिवा प्रत्यक्षात दोन्हीच्या मधे कुठंतरी होता, आणि पंचवीस मिनिटांनी पिवळा पडायचा.

हा गुणाकार दुकानात उभ्याउभ्या मोबाईलवर करता येतो. बॅटरीचा आकडा खोक्यावर नसेल तर तो दिवा ठेवून द्या. आणि ज्या लांबट गोल बॅटऱ्या ‘१८६५०’ नावानं मिळतात, त्यांच्यावर ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर हसून पुढं जा. त्या मापाच्या चांगल्या बॅटरीत ३५०० च्या आसपासच मावतं.

मग किती घ्यावे? माझ्यासारख्या अंधाऱ्या गावरस्त्याला, ताशी २५ पर्यंत, खरे ३०० ते ५०० लुमेन बास होतात. पण ते नेमके कुठं पडतात, यावर सगळा खेळ आहे.

अर्धी भाकरी

आता शिव्यांची गोष्ट. दुसरा दिवा मी खरोखरच दणकट आणला. हजार लुमेन, आणि ते खरे होते. रस्ता दिवसासारखा. आठवडाभर मी राजासारखा घरी आलो. मग एका रात्री समोरून एक गडी मोटारसायकलवरून आला, मागं खोरं बांधलेलं. आमच्याकडं शेतीची वीज रात्रीची असली की माणसं मध्यरात्रीच उसाला पाणी पाजायला निघतात. माझ्यापासून चाळीसेक पावलांवर त्याची गाडी डगमगली आणि सरळ बाजूपट्टीवर उतरली. थोडक्यात वाचला. पाय टेकवून तो ओरडला, “विमान उतरवाय लागलायस व्हय रं हितं?” पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. चूक माझीच होती. त्याची पाण्याची पाळी, माझी फौंड्रीची, दोघंही झोपेला आलेले, आणि मी त्याच्या डोळ्यांत हजार लुमेन ओतत होतो. आंधळा झालेला माणूस आपल्या अंगावर येऊ शकतो, हेही त्या रात्रीच समजलं.

तो दिवा म्हणजे खरं तर टॉर्च होती. टॉर्चचा उजेड गोल, जेवढा रस्त्यावर तेवढाच आभाळात. वाहनाच्या दिव्याचा उजेड वरून कापलेला असावा लागतो. भिंतीवर दिवा मारून बघा. अख्खी भाकरी उमटली तर टॉर्च. अर्धी भाकरी उमटली, सरळ कड वर आणि गोलाई खाली, तर तो रस्त्याचा दिवा. कड जितकी धारदार, तितका समोरच्याला त्रास कमी आणि तुमच्या रस्त्यावर उजेड जास्त. कारण वर वाया जाणारा उजेड खाली वळवलेला असतो.

जर्मनीत सायकलच्या दिव्याला हे कायद्यानंच लागतं. तिथल्या नियमावलीला एसटीव्हीझेडओ म्हणतात, आणि मंजूर दिव्यावर नागमोडी रेषा, के अक्षर आणि एक नंबर कोरलेला असतो. माझ्या मावसभावाचा मुलगा श्टुटगार्टला आहे. दिवाळीला येताना त्यानं तसला एक दिवा आणला. तोच आज माझ्या सायकलवर आहे. त्याच्यावर लुमेन नाही, लक्स लिहिलंय. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघाला, आणि लक्स म्हणजे एका जागी प्रत्यक्ष किती पडला. हे दिवे बहुधा १० मीटरवर मोजतात. तिथं ४० लक्स असतील तर २० मीटरवर १० उरतात. अंतर दुप्पट, उजेड चौथाई.

परदेशातून आणणारं कोणी असावंच लागतं असं नाही. इथंही वरून कापलेल्या उजेडाचे दिवे मिळतात. दुकानदाराला नाव विचारत बसण्यापेक्षा ‘भिंतीवर लावून दाखवा’ म्हणा. मला एका दुकानात ‘भिंत कशाला, डोळ्यांत बघा ना किती पॉवर हाय’ असं उत्तर मिळालं. मी तिथून निघालो.

एक बारीक गोष्ट. असा कापलेला दिवा हँडलच्या खाली उलटा टांगू नका. उलटा केला की अर्धी भाकरीही उलटी होते, सगळा उजेड वर. आमच्याच स्टँडवर दोन सायकली अशा दिसल्या मला.

दिवा कुठं बसवायचा

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, माझ्या धंद्यातलंच आहे. तरी वर्ष गेलं लक्षात यायला.

कास्टिंगवर बारीक भेग किंवा ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, आहे का बघायचं असेल, तर आम्ही टॉर्च समोरून मारत नाही. समोरून मारली की सगळा पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत दिसतो. टॉर्च आडवी, जवळजवळ कास्टिंगला टेकवून धरायची. मग टाचणीच्या टोकाएवढा खळगासुद्धा लांब सावली टाकतो आणि हातानं न चाचपता कळतो.

रस्ता म्हणजे एक मोठं रद्दी कास्टिंगच. दिवा डोक्यावर, हेल्मेटवर असेल तर उजेड आणि नजर एकाच जागेवरून निघतात. खड्ड्याची सावली खड्ड्यामागंच लपते आणि तुम्हाला सपाट डांबर दिसतं. दिवा खाली असेल तर खड्ड्याची अलीकडची कड काळी पडते आणि स्पीडब्रेकरच्या मागं काळा पट्टा उठतो. आमच्याकडच्या स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे असतील तर तो नुकताच झालेला समजायचा, पुढच्या पावसाळ्यात पट्टे जातात. तेव्हा ही सावलीच काय ती खूण.

मी दिवा हँडलवरून काढून पुढच्या चिमट्याच्या वर बसवला, जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर. दिवा तोच, पण खड्डे दुप्पट दिसायला लागले. फार खाली, चाकाच्या आसाजवळ मात्र नको. तिथं प्रत्येक खडा डोंगर वाटतो, चिखल उडतो, आणि लांबचा उजेड रस्त्याला घासून संपतो. ६० ते ९० सेंटिमीटर ही जागा मला बरी वाटली.

उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कापलेल्या उजेडाची एक अडचण येते. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असतो, ऊस मागं हातभर बाहेर आलेला, आणि तो बरोबर तुमच्या तोंडाच्या उंचीला. आरटीओ आणि साखर कारखाने रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा काढतात, पण चिखल आणि पाचट बसलं की रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. खालचा दिवा ट्रॉलीची चाकं दाखवतो, वरचा ऊस दाखवत नाही. त्यासाठी हेल्मेटवर १०० लुमेनचा छोटा दिवा ठेवलाय. तो एरवी बंद. पुढं काळं धूड वाटलं की बोटानं लावायचा. लावलेला असताना समोरच्या माणसाकडं मान वळवायची नाही.

आणि पावसाच्या तोंडावर, किडे निघतात तेव्हा, हेल्मेटचा दिवा लावाल तर अख्खी वरात तोंडावर येते. साधा बिननंबरचा चष्मा खिशात असू द्या.

भिंतीवर निशाण

दिवा बसवला की झुकाव लावायचा, आणि तो अंदाजानं लावायचा नाही. गावातल्या शाळेची भिंत आणि खडू पुरतो. सायकल सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर, तुम्ही स्वतः वर बसलेले, कारण बसल्यावर पुढचं टोक थोडं हलतं. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारायची. उजेडाची वरची कड २५ मीटरवर रस्त्याला टेकावी असं वाटत असेल, तर ५ मीटरवर ती दिव्याच्या उंचीच्या पाचव्या हिश्शानं खाली आलेली हवी. माझा दिवा ७० सेंटिमीटरवर, म्हणून कड रेघेच्या १४ सेंटिमीटर खाली. दिवा ९० वर असेल तर १८ सेंटिमीटर.

मग स्क्रू आवळा आणि दिव्याच्या पट्टीवर मार्करनं खूण करा. आमच्या रस्त्यावर आठवड्याभरात दिवा मान टाकतो. खूण असली की कळतं.

मागचा दिवा

पुढून आलेलं संकट निदान दिसतं. मागून येणाऱ्याला फक्त तुमचा दिवा वाचवतो. तरी लोक पुढच्याला दोन हजार घालतात आणि मागं पन्नास रुपयांची लुकलुक लावतात.

मागं दोन दिवे लावा, दोन्ही लाल. एक स्थिर, एक लुकलुकणारा. लुकलुकणाऱ्याकडं नजर पटकन जाते, पण किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. स्थिर दिव्यानं तो अंदाज येतो. ताकदीच्या मागं लागू नका. रात्रीला ३० लुमेनच्या आसपास पुरे, जास्त असला तर मागच्याला तोच त्रास जो मी त्या पाणीवाल्याला दिला. एक दिवा सीटखालच्या दांड्याला, दुसरा मडगार्डवर, म्हणजे एकाची बॅटरी संपली तरी दुसरा असतो. लाल-निळं-हिरवं फिरणारं काही लावू नका, लांबून ते वाहन आहे की मंडप हेच कळत नाही.

घोट्याला चमकणारी पट्टी बांधा. पायडल मारताना ती वरखाली होते आणि मोटारीच्या उजेडात हा माणूस आहे हे लगेच ओळखू येतं. सगळ्यात स्वस्त सामान, आणि चार्जिंग नको.

पुण्यातला माझा पुतण्या उभ्यानं चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो. तिचा मागचा दिवा घोट्याच्या उंचीला असतो, मागची मोटार जवळ आली की तो बॉनेटखाली जातो. त्याला मी पाठीवरच्या पिशवीला दुसरा दिवा लावायला लावला. त्या स्कूटरची चाकं ८-१० इंची. सायकल ज्या खड्ड्यावरून नुसती धडकून जाईल, त्यात ती तोंडावर पडते. म्हणजे त्याला रस्ता माझ्यापेक्षाही बारकाईनं दिसायला हवा.

गाडीच्या बॅटरीवर दिवा

वेगळा चार्ज करायचा दिवा विसरतोच. म्हणून सायकलच्या बॅटरीवर चालणारा दिवा सोयीचा. खर्चाची काळजी नको. ६ वॅटचा दिवा तासभर जाळला तर ६ वॅट-तास जातात, माझी बॅटरी ३६० ची आहे. एवढ्यात सायकल फार तर अर्धा-पाऊण किलोमीटर गेली असती.

इथं मी एक दिवा जाळला, तो असा. दिव्यावर लिहिलं होतं १२ ते ३६ व्होल्ट. बॅटरी ३६ ची. जुळलं म्हणून जोडला, आणि ‘फट्’. ३६ व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट देते. ४८ वाली ५४.६ देते. दिव्याची वरची मर्यादा या आकड्याच्या पुष्कळ वर हवी, ६० किंवा ८० व्होल्ट लिहिलेली बघा. काही सायकलींत मोटर सांभाळणाऱ्या डबीतून, म्हणजे कंट्रोलरमधून, दिव्यासाठी वेगळी वायर येते, ती कधी ६ व्होल्टची, कधी १२ ची, कधी थेट बॅटरीची. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. बॅटरीजवळ १ अँपिअरचा फ्यूज टाका, सांध्यावर चिकटपट्टीऐवजी गरम करून आवळणारी नळी घाला. वॉरंटीत असलेल्या सायकलची वायर कापण्याआधी विक्रेत्याला विचारा.

आणि बॅटरीवरचा दिवा कितीही भरवशाचा असला तरी हेल्मेटचा किंवा खिशातला एक दिवा स्वतःच्या बॅटरीवरचा ठेवा. मुख्य बॅटरीनं मान टाकली की मोटर आणि उजेड एकदमच जातात, आणि ते नेमकं उसाच्या मध्यावर होतं.

पावसाचं थोडक्यात. दिवा किती पाणी सोसतो ते खोक्यावर आयपीएक्सच्या आकड्यात लिहितात. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा. कोल्हापूरच्या जुलैला शिंतोडे म्हणत नाहीत. जोराची धार सोसणारा आयपीएक्स ६ घ्या. चार्जिंगचं रबरी बूच पक्कं लावलंय ना बघा आणि ते तोंड खाली येईल असा दिवा बसवा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर दिवा तापून मंद होतो, मी करून बघितलंय. आणि दुधी निळसर उजेडापेक्षा किंचित पिवळसर, ४००० ते ५००० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप), ओल्या डांबरावर माझ्या डोळ्यांना बरा वाटतो.

सगळं झालं की एक काम करा. घरातल्या कोणाला तरी तुमची सायकल द्या, तुमचं रोजचं सामान लावून, आणि तुम्ही अंधारात रस्त्याकडेला उभे राहा. एकदा त्याला समोरून येऊ द्या, एकदा पाठमोरा जाऊ द्या. मी पोराला असं पाठवलं तेव्हा समोरून सगळं झकास होतं. पाठमोरा झाला आणि अंधारात गडप. मागचे दोन्ही दिवे चालू होते, पण कॅरियरवरून लोंबणारी डब्याची पिशवी बरोबर त्यांच्यावर आली होती. किती महिने तसाच येत होतो कोण जाणे. पिशवी आता कॅरियरच्या उजव्या अंगाला असते, आणि चाकाला घासू नये म्हणून तिच्या तळाला एक पुठ्ठा घातलाय.